मुकादमाच्या खिशातला एचआर

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हप्ता शनिवारी वाटायचे, कारण गावचा बाजार रविवारी भरायचा. चार वाजले की वजनकाट्याच्या सावलीत बाया-माणसं रांगेनं बसायची आणि मुकादम शर्टाच्या खिशातून डायरी काढायचा. लाल रेक्झिनची, कुठल्याशा बियाणे कंपनीनं दिवाळीला वाटलेली, कोपरे तेलकट हातांनी काळे पडलेले. कोणाचे किती रोज भरले, कोणी किती उचल घेतली, कोणाला पोरीच्या लग्नासाठी किती दिले, सगळं त्या डायरीत. त्यातही नावं फारशी नव्हती, खुणा होत्या. 'चष्मेवाला', 'नाल्याकडची', 'धाकला'.

एका डिसेंबरात, ऐन हंगामात, शेजारच्या तालुक्यातल्या एका जिनिंगवाल्यानं आमचा मुकादम फोडला. तो गेला, त्याच्यामागे बावीस माणसं गेली आणि डायरीही गेली. पुढच्या शनिवारी टेबलावर मी बसलो. तेव्हा मी ऑफिसात पावत्या फाडणारा पोरगा होतो. रांगेतल्या पहिल्याच बाईनं विचारलं, "माहे किती रोज भरले, भाऊ?"

मला सांगता आलं नाही. ती रागावली नाही. "मंग मुकादमालेच इचारा लागन का?" एवढंच म्हणाली आणि बाजूला जाऊन बसली.

एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभाग, म्हटलं की आपल्याकडे लोकांना पुण्याची काचेची इमारत आठवते, नाहीतर गळ्यात पट्टा अडकवून इंग्रजीत मेल पाठवणारी मुलगी. 'आपल्या दालमिलले कायचा एचआर?' असं मालक हसून म्हणतात. पण माणूस गेटातून पहिल्यांदा आत येतो तिथपासून शेवटचा हिशोब घेऊन बाहेर पडतो तिथपर्यंत जे जे घडतं, ते सगळं एचआरचंच काम. कोणाला घ्यायचं, त्याला काय काम द्यायचं, पैसे किती आणि कोणत्या दिवशी, सुट्टी कोण देणार, काम कोण शिकवणार, भांडण झालं तर कोणाकडे जायचं, हात मशीनमध्ये गेला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. हे प्रत्येक जिनिंगमध्ये, राइस मिलमध्ये, शेतकरी उत्पादक कंपनीत, गावातल्या शिक्षण संस्थेतही रोज ठरतंच. आमच्याकडेही ठरत होतं. ते सगळं मुकादमाच्या खिशात होतं, म्हणून तो गेला तेव्हा सोबत गेलं. एचआर उभा करणं म्हणजे ही माहिती आणि हे शब्द एका माणसाच्या खिशातून काढून, ज्याच्याबद्दल ते आहेत त्यालाही वाचता येतील अशा जागी ठेवणं. पुढे जे सांगतो आहे ते याच एका गोष्टीचे वेगवेगळे कोपरे आहेत.

नागपूरची जुनी गोष्ट

विदर्भाला हे नवीन नाही. जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडगिरणी काढली ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून गिरणीला एम्प्रेस मिल नाव पडलं. मुंबई सोडून नागपूर का, तर कापूस इथला आणि रेल्वे येऊन पोचलेली. कापूस मिळाला, पण गिरणीच्या भोंग्यावर रोज येणारा कामगार आयता मिळेना. शेतीच्या घड्याळावर वाढलेल्या माणसाला गिरणीचं घड्याळ कसं मानवावं?

या गिरणीत १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघात झालेल्या कामगाराला भरपाई देणं सुरू झालं. अपघात भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये. म्हणजे कोणता इन्स्पेक्टर येईल म्हणून हे केलं गेलं नाही. माणूस टिकला तर गिरणी टिकते, हा त्यामागचा साधा व्यापारी हिशोब. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. आमच्या मालकांनी मात्र हा दाखला ऐकून, "टाटाचं काय, त्याच्याकडे पैसा होता," असं म्हणून तेव्हा विषय मिटवला होता.

आधी नावं

बऱ्याच ठिकाणी सुरुवात उलटी होते. त्रास वाढला की मालक नागपूरहून एक 'एचआर मॅनेजर' आणतात. तो बिचारा लॅपटॉप उघडतो, 'लीव्ह पॉलिसी' टाइप करतो, आणि तीन महिन्यांत परत जातो, कारण इथे किती माणसं कामाला आहेत हेच कोणाला धड सांगता येत नाही.

आम्ही रजिस्टरापासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मी फक्त नावं लिहिली, आणि तेच सगळ्यात अवघड निघालं. आधारवर 'सुमन', बँकेत 'सुमनबाई', रेशनकार्डावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं. जन्मतारीख विचारली तर "पोळ्याच्या आसपासचा असन" असं उत्तर. एकाच माणसाची तीन नावं असतील तर पीएफचे पैसे अडकतात, विम्याचा दावा अडकतो, आणि तो वारला तर बायकोला हेलपाटे घालावे लागतात. म्हणून नियम केला. रजिस्टरात आधारवरचंच नाव, अक्षरशः तसंच, आणि चूक असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी सेतू केंद्रात पाठवून दुरुस्ती, त्या दिवसाची रोजी कंपनीची. मालकांना ही रोजी आधी जड गेली. पुढच्या वर्षी पीएफ ऑफिसच्या चकरा वाचल्या तेव्हा काही बोलले नाहीत.

हजेरीचंही तसंच. बोटाचं मशीन आणलं तर कापूस, पोती आणि विटा उचलून झिजलेली बोटं ते ओळखेना. सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं रांग. शेवटी चेहरा ओळखणारं यंत्र आणलं आणि सोबत कागदी मस्टरही ठेवलं. दर शनिवारी हप्त्याआधी ते मस्टर काट्याजवळच्या भिंतीवर लावायचं. यंत्रापेक्षा भिंत जास्त कामाची ठरली, असं माझं प्रामाणिक मत. भिंतीवरचं चुकलं तर दहा जण सांगतात.

नावं झाली की नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांच्यात मुरले, आणि आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. वकिलानं दिलेलं चार पानी इंग्रजी पत्र सही घेऊन फायलीत लावलं तर कायदा कदाचित समाधान पावेल, पण कामगाराला त्याचा उपयोग शून्य. आमचं पत्र एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. काम काय, कोणाच्या हाताखाली, रोजी किंवा पगार किती, हप्ता कोणत्या वारी, वेळ किती ते किती, जादा वेळेचे पैसे दुप्पट, काय काय कापलं जाईल, आणि काम सोडायचं असेल तर कोणाला सांगायचं. मेळघाटातून आलेल्या कोरकू कामगारांना त्यांच्यातल्याच एका शिकलेल्या पोरानं ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं. सही-अंगठा त्यानंतर.

उचल

विदर्भातल्या कोणत्याही छोट्या कारखान्याचं खरं एचआर धोरण बघायचं असेल तर उचल कशी देतात ते बघावं. पगाराचा आकडा सगळीकडे उन्नीस-बीस असतो. माणूस टिकतो किंवा जातो तो उचलीवर.

जूनमध्ये पेरणीला पैसे लागतात, बियाणं-खत घ्यायचं असतं. मेमध्ये लग्न. दवाखाना तर कधीही. सावकार गावातच असतो. म्हणून उचल द्यावीच लागते आणि द्यावी, यात मला शंका नाही. वाईट आहे ती तिची अंधारी पद्धत. मुकादम मालकाकडून पाच हजार आणतो, कामगाराला साडेचार देतो, डायरीत पाच लिहितो. पुढच्या हंगामात 'तुह्यावर अजून बाकी हाय' म्हणून तोच माणूस बांधून ठेवतो. बाकी किती, हे फक्त मुकादमाला ठाऊक.

आम्ही तीन बदल केले. उचल थेट कामगाराच्या खात्यात, मुकादमाच्या हाती नाही. प्रत्येकाला एक छोटं उचलपुस्तक, बचत गटात असतं तसंच, त्यात दिलेली रक्कम, कापलेली रक्कम, बाकी, आणि दोघांच्या सह्या. आणि एका हप्त्यातून किती कापायचं याला मर्यादा. कायद्यानंही सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. आम्ही उचलीसाठी पाचव्या हिश्श्यावर थांबलो, कारण निम्मा पगार कापला तर त्या आठवड्याच्या बाजाराला माणूस पुन्हा सावकाराच्या दारात जातो, हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं. हिशोबनीसाला वाटत होतं की अशानं पैसे बुडतील. काही बुडालेही. पण परत आलेल्या माणसांची किंमत त्यापेक्षा जास्त होती. नवा माणूस डबल रोलर जिनवर हात बसेपर्यंत किती रुई (सरकी काढलेला कापूस) वाया घालवतो हे फिटरला विचारा.

कापले कुठे गेले

पीएफबद्दल कामगारांचा राग खरा असतो. "बारा हजार ठरले अन् हातात साडेदहाच पडले" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. समजावण्याची सोपी रीत म्हणजे त्याच्याच पगारावर हिशोब मांडणं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. मूळ पगार महिना १२,००० धरा. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कामगाराच्या पगारातून जातात. मालक आपल्या खिशातून आणखी तेवढेच, १,४४० घालतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे साधारण १,००० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले सुमारे ४४० पीएफमध्ये. म्हणजे १,४४० कापले, पण त्याच्या नावावर २,८८० जमा झाले. शिवाय मालक थोडी वेगळी रक्कम विम्यासाठी भरतो. नोकरीत असताना कामगार वारला तर घरच्यांना त्या विम्यातून कमाल ७ लाखांपर्यंत मिळू शकतात.

हे तोंडी सांगून कोणी मानत नाही. मानलं ते उमंग ॲपवर पासबुक उघडून दाखवलं तेव्हा. जेवणाच्या सुट्टीत निंबाखाली बसायचं, एकेकाचा फोन घ्यायचा, त्याच्या डोळ्यांसमोर आकडा उघडायचा. एका हमालाच्या फोनवर जुन्या ठिकाणचे तेवीस हजार निघाले. तो अर्धा तास फोनकडे बघत बसला होता. मात्र नवा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, काढायची घाई करायची नाही, जुना आहे का ते आधी विचारायचं. हंगामी माणसं दर वर्षी वेगळ्या ठिकाणी जातात आणि दर ठिकाणी नवा नंबर निघाला की पैसे विखरून पडतात.

ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे काम सोडताना केलेल्या सेवेसाठी मिळणाऱ्या एकरकमी पैशांबद्दल, गावाकडे बहुतेकांचा समज असा की ती सरकारी नोकरांनाच मिळते. तसं नाही. वर्षभर चालणाऱ्या ठिकाणी दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार. हंगामी कारखान्यात दर हंगामाला ७ दिवसांचा पगार. हंगामात कारखाना जितके दिवस चालला त्यातले किमान ७५ टक्के दिवस हजेरी असली की तो हंगाम सलग सेवेत धरतात. समजा रोजी ४०० रुपये आणि बाई आठ हंगाम आली, तर ४०० गुणिले ७ गुणिले ८, बावीस हजार चारशे. मालकासाठी ही फार मोठी रक्कम नाही, तिच्यासाठी घरावरचे टिन आहेत. पण ती आठ हंगाम आली हे सिद्ध करायला आठ हंगामांची मस्टर लागतात. पुन्हा डायरीपाशीच येतो आपण.

ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, बाबतीत जिनिंगवाल्यांनी विशेष सावध असावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. पण फक्त कापूस जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने कायद्यात 'हंगामी कारखाना' या सदरात येतात आणि ईएसआयमधून वगळलेले आहेत. काही मालक यावर खूश होतात. खूश होण्यासारखं काही नाही, कारण कामगाराला ईएसआयचा दवाखाना नाही म्हणजे अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी सरळ मालकावर. तेव्हा कामगार भरपाईचा विमा हंगामाआधी काढायचाच. आणि जोडीला वर्षभर चालणारी तेलघाणी असेल तर हिशोब बदलू शकतो, जाणकाराला विचारून घ्या.

हंगाम, पोळा आणि गैरहजेरी

शहरातल्या पुस्तकी एचआरमध्ये गैरहजेरी हा शिस्तीचा प्रश्न असतो. आपल्याकडे ती पंचांगाचा प्रश्न आहे. नोव्हेंबरमध्ये जिनिंग सुरू होतं, आणि नेमकी तेव्हाच कपाशीची वेचणी जोरात असते. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, चांगल्या दिवशी जिनिंगच्या रोजीपेक्षा जास्त. बाया तिकडे जाणारच. जानेवारीत तूर, मग हरभरा. होळीला मेळघाटातली माणसं घरी जाणार म्हणजे जाणार, कोरकूंचा तो वर्षातला सगळ्यात मोठा सण, त्या दिवशी थांब म्हणणं म्हणजे 'ये नको' म्हणण्यासारखंच. एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता आणि लग्नं. आणि मेची ती पंचेचाळीस डिग्रीची दुपार, पत्र्याच्या शेडखाली.

हे सगळं दरवर्षी होतं, तरी दरवर्षी मालकाला नव्यानं धक्का बसतो, याचं मला नवल वाटतं. आम्ही एका मोठ्या पुठ्ठ्यावर बारा महिने आखले आणि मजुरांनाच विचारून भरले. कोणत्या आठवड्यात किती जण नसतील. त्यावरून वेचणीच्या काळात पहाटेची पाळी सुरू केली, पाच ते एक, म्हणजे दुपारनंतर बाया शेतात जाऊ शकतील. होळीची पाच दिवसांची सुट्टी आधीच जाहीर केली आणि मशीनची दुरुस्ती त्या दिवसांत ठेवली. मेमध्ये भरदुपारी मशीन बंद. उत्पादन घटलं का? पहिल्या हंगामात थोडं. मग गैरहजेरीमुळे मशीन अर्धं रिकामं चालणं थांबलं आणि भरून निघालं.

सुपरवायझर

आमच्याकडे सगळ्यात हुशार फिटरला सुपरवायझर केलं. रोलरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. दोन महिन्यांत कापसातला कचरा वेचणाऱ्या नऊ बाया काम सोडून गेल्या. विचारलं तर एकच उत्तर, "थो गाल्या देते." त्याला विचारलं तर, "काम कसं होईन मंग?" त्याचं चुकत नव्हतं, त्याला त्याच्या उस्तादानं शिव्या देऊनच शिकवलं होतं. आम्ही त्याला बढती दिली होती, शिकवलं काहीच नव्हतं.

मग त्याला फार थोडं शिकवलं. सकाळी पाळी सुरू होताना पाच मिनिटं उभं राहून आज काय काम आहे ते सांगायचं. चूक झाली तर सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन बोलायचं. नव्या माणसाला पहिले तीन दिवस जुन्या माणसाजवळ उभं करायचं. आणि लोंबता पदर, सैल ओढणी किंवा बिडी दिसली की तिथल्या तिथे थांबवायचं, ओरडलं तरी चालेल, कारण पदर रोलरमध्ये ओढला जातो आणि रुईच्या ढिगात ठिणगी पडली की मिनिटांत शेड जाते. पुढच्या वर्षी त्याच्या हाताखालून फारसं कोणी गेलं नाही. पैसे एक रुपयानंही वाढवले नव्हते.

माझा अनुभव विचाराल तर एचआरचा निम्मा पैसा आणि वेळ या मधल्या माणसांवर घालवावा. मालक चांगला आहे की वाईट हे कामगाराला क्वचित कळतं. त्याला रोज दिसतो तो सुपरवायझर.

बायांच्या बाबतीत

कापसातला कचरा वेचणं, दालमिलमध्ये निवडणं, संत्र्याच्या पॅकिंगला ग्रेडिंग, ही कामं बायांच्या हातावर चालतात. एका ठिकाणी मी गेलो तेव्हा सगळ्या बाया दिवसभर पाणी पीत नव्हत्या. कारण विचारलं तर संडासाला आतून कडी नव्हती. एका कडीची किंमत काय असते? तो प्रश्न तिथल्या तक्रारपेटीत कधीच आला नव्हता, कारण पेटी ऑफिसच्या दारात होती आणि लिहिता येणाऱ्या बाया थोड्याच.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा कायदा २०१३ चा. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. गावात खरा प्रश्न बाहेरच्या सदस्याचा असतो, कारण तक्रार ज्याच्याविरुद्ध तो सरपंचाचा भाचा निघतो. म्हणून बाहेरची सदस्य त्याच गावची घेऊ नका, दुसऱ्या तालुक्यातली घ्या. आणि समितीची नावं नुसती बोर्डावर लावून चालत नाही, हंगाम सुरू होताना त्या बायांनी स्वतः येऊन सगळ्यांसमोर बोलावं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकही तक्रार आली नाही, दुसऱ्या वर्षी दोन आल्या. मालक घाबरले. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

शेतकरी कंपन्यांचा वेगळा पेच

गेल्या काही वर्षांत विदर्भात शेतकरी उत्पादक कंपन्या भरपूर झाल्या. २०२० मध्ये अशा दहा हजार कंपन्यांची (इंग्रजीत एफपीओ) केंद्राची योजना आली. तिच्यात एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. यातून सीईओचा आणि हिशोबनीसाचा पगार निघतो. पाच ते पंधरा संचालक असतात, सगळे शेतकरी, बहुतेक एकमेकांचे सोयरे.

इथे सीईओ एमएस्सी ॲग्रीचा पंचविशीतला पोरगा असतो. सकाळी तूर खरेदी, दुपारी जीएसटी, संध्याकाळी कोण्या संचालकाच्या घरचं लग्न, आणि नऊ जण नऊ वेगळी कामं सांगतात. वर्षाच्या आत त्याला बँकेत नोकरी लागते. संचालक म्हणतात, "आजकालचे पोट्टे टिकत नाहीत." टिकतील कसे? त्याला साहेब एकच हवा, बहुतेक अध्यक्ष. बाकीच्यांनी अध्यक्षांमार्फत बोलायचं, हे ठरावात लिहून काढायचं. संचालकाच्या भाच्याला कामावर घ्यायचं असेल तर तो संचालक त्या बैठकीतून उठेल, हेही लिहायचं. आणि योजनेचे पैसे संपल्यावर पगार कुठून निघणार, हे तिसऱ्या वर्षी नाही, पहिल्या वर्षीच त्या पोराला सांगायचं. त्याला ते कळत असतंच, न सांगितल्यानं तो नोकरी आधीपासून शोधू लागतो, एवढंच.

हे सगळं करायचं कोणी

वीस-पंचवीस माणसांच्या ठिकाणी वेगळा माणूस ठेवायची गरज नाही. दिवाणजीला आठवड्यातला एक दिवस फक्त यासाठी मोकळा द्या, त्या दिवशी त्याला बिलं देऊ नका. ऐंशी-शंभरच्या पुढे गेलात तर एक पूर्ण वेळ माणूस हवा. नागपूरचा एमबीए कशाला? समाजकार्याची पदवी घेतलेली आपल्याच भागातली मुलं-मुली मिळतात. लोकांत बसायची त्यांना सवय असते, कायदा सहा महिन्यांत शिकतात. मात्र हा माणूस हिशोबनीसाच्या हाताखाली ठेवू नका. हिशोबनीसाला प्रत्येक माणूस खर्चाच्या रकान्यात दिसतो, त्यात त्याची चूक नाही, ते त्याचं काम आहे. एचआरवाला थेट मालकाशी बोलणारा हवा, आणि मालकाला 'नाही' म्हणता येईल इतका पगार त्याला हवा.

काम जमतंय का हे बघायला मोठे अहवाल लागत नाहीत. दिवाळीनंतर आलेल्यांपैकी होळीपर्यंत किती उरले, हप्ता हंगामात किती वेळा उशिरा झाला, किती जणांना लागलं, आणि गेलेल्यांचा शेवटचा हिशोब किती दिवसांत दिला. कायदा कामावरून गेलेल्याला दोन कामाच्या दिवसांत पैसे द्या म्हणतो. आमच्याकडे पूर्वी 'पुढच्या बाजाराले ये' असं चालायचं. गेलेला माणूस दहा गावांत काय सांगत फिरतो, त्यावर पुढच्या हंगामाची भरती ठरते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या एका मुकादमानं भिंतीवरच्या मस्टरमुळे काम सोडलं, जाताना सात माणसं नेली. एका वर्षी कापसाचे भाव घसरले तेव्हा उचलीची रक्कम अर्धी करावी लागली आणि काही जुनी माणसं तुटली ती तुटलीच.

पण एक शनिवार सांगतो. हप्त्याच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या. तीच बाई, डिसेंबरात मला 'किती रोज भरले' विचारणारी, परत आली. सोबत सातवीतला नातू. त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजीचे सहा रोज भरले, इथं पाच लिहिले हायेत." मी मस्टर काढलं. मंगळवारच्या रकान्यात तिच्यापुढे 'गै' होतं. फिटरला बोलावलं. मंगळवारी दुपारून तिला सरकीच्या गोदामात पाठवलं होतं, तिथलं मस्टर वेगळं, आणि ते अजून आलंच नव्हतं. मी 'गै' खोडून सही केली, तारीख घातली. नातवानं माझ्या सहीकडे नीट बघून घेतलं आणि मग आजीला म्हणाला, "चाल."